चढावर दमणाऱ्या गोल्फ कार्टसाठी जास्त टॉर्कची मोटर कशी निवडावी

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूच्या वाइनरी आणि रिसॉर्टमध्ये, त्र्यंबक रस्त्याकडच्या फार्महाऊसवर गोल्फ कार्ट गोल्फसाठी वापरतच नाहीत. पाहुणे आणि त्यांच्या बॅगा घेऊन ती दिवसभर चढ-उतार करत असते. मूळ मोटर सपाट हिरवळीवर दोन माणसं नेण्याच्या हिशोबाने बनवलेली असते. सहा माणसं बसवून मुरमाच्या चढावर घातली की गाडी रांगते आणि जळका वास येऊ लागतो. मग कुणीतरी सांगतं, मोठी मोटर टाका. पण मोटरचा टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवण्याचा जोर, करंटवर ठरतो. बॅटरी, केबल आणि कंट्रोलर (मोटरला जाणारा करंट कमी-जास्त करणारा डबा) तेवढा करंट देत नसतील तर महागडी मोटरही तशीच रांगेल. म्हणून आधी आहे त्या गाडीतला दोष शोधा, मग चढाचा हिशोब करा, मोटरचं नाव त्यानंतर काढा.

पायरी १: मोटरला दोष देण्याआधी

बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून काही तास तशाच राहू द्या. ४८ व्होल्टच्या लेड-अॅसिड संचावर ५०.९ च्या आसपास व्होल्टेज दिसायला हवं. आता गाडी भरून नेहमीच्या चढावर न्या आणि शेजारी बसलेल्या माणसाला मल्टिमीटर बघायला सांगा. चढावर आकडा ४२ च्या खाली गेला तर बॅटऱ्या थकल्या आहेत किंवा त्यातली एखादी बसली आहे. तोच चढ पुन्हा चढताना प्रत्येक बॅटरी वेगळी मोजली की बसलेली लगेच सापडते.

मग जोडण्या. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या खुंटीवर (टर्मिनलवर), दुसरी त्याच खुंटीवरच्या केबलच्या लगवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीवर, ठेवा आणि लोडवर मोजा. इथे जवळजवळ शून्य यायला हवं. ०.२ व्होल्ट आले आणि करंट २०० अँपिअर असला, तर त्या एका जोडावर ४० वॉट नुसते उष्णतेत जातात. पावसाळ्यानंतर हिरवट पडलेले लग हेच करतात.

मागची चाकं उचलून हाताने फिरवा, ब्रेक घासत नाही ना पाहा. टायरची हवा तपासा. कित्येक गाड्यांचा आजार इथेच बरा होतो.

पायरी २: चढाचा हिशोब

मोबाईलमधल्या लेव्हल अॅपने उताराचा कोन मोजता येतो, पण गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी जास्त भरवशाची. आठ मीटर आडव्या अंतरात एक मीटर उंची वाढत असेल तर चढ १२.५ टक्के, म्हणजे सुमारे ७ अंश. सगळ्यात तीव्र तुकडाच मोजा, सरासरी उपयोगाची नाही.

समजा गाडी आणि सहा माणसं मिळून वजन ९०० किलो. या चढावर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १,१०० न्यूटन जोर लागतो. दाबलेल्या मुरमाचा रोध साधारण २६५ न्यूटन धरा. एकूण १,३६५. अठरा इंची टायरची वजनाखालची त्रिज्या सुमारे ०.२२ मीटर, म्हणून चाकांवर ३०० न्यूटन-मीटर टॉर्क हवा. डिफरन्शियलचं (मागच्या अॅक्सलवरच्या गिअरबॉक्सचं) गुणोत्तर बहुतेक गोल्फ कार्टमध्ये १२ च्या थोडं वर असतं. १२.३ धरून आणि गिअरमध्ये १० टक्के वाया जातं असं मानून मोटरला सतत २७ न्यूटन-मीटर द्यावे लागतात. चढावर थांबून पुन्हा गाडी उचलायला याच्या दीड ते दोनपट ठेवा.

ताशी १० किलोमीटर वेगाने चढायचं तर मोटर सुमारे १,४८० आरपीएमवर फिरते आणि शाफ्टवर ४.२ किलोवॉट देते. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के आणि लोडवरचं व्होल्टेज ४४ धरलं तर बॅटरीतून १२० अँपिअर ओढले जातात. हे आकडे लिहून ठेवा, पुढची सगळी खरेदी त्यांच्यावरच ठरते. दिसायला छान म्हणून २२ इंची टायर टाकले असतील तर त्रिज्या ०.२७ च्या आसपास जाते आणि २७ चे ३३ न्यूटन-मीटर होतात. पावसाळ्यात गाडी काळ्या मातीत उतरत असेल तर आणखी वाढवा, ओली काळी माती चाकाला धरून ठेवते.

पायरी ३: मोटरचा प्रकार

आहे त्या मोटरवरच्या खुंट्या पाहा. चारही जाड असतील (ए१, ए२, एस१, एस२) तर ती सिरीज मोटर. ए१, ए२ जाड आणि एफ१, एफ२ बारीक असतील तर वेगळ्या फील्डची (चुंबकत्व देणारं वेटोळं वेगळं असलेली), म्हणजे सेपेक्स. तीन जाड केबल आणि एक सेन्सरची वायर असेल तर एसी.

सिरीज मोटर सुरुवातीलाच दणकट ओढते आणि स्वस्तही पडते. उतारावर मात्र ती गाडी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. सेपेक्स उतारावर धरते. पण तिच्या कंट्रोलरमधलं फील्ड करंटचं सेटिंग नव्या मोटरप्रमाणे बदलून घ्यावं लागतं, नाहीतर ती कमी ओढते किंवा विनाकारण तापते. एसी मोटरला ब्रश नसतात, धूळ कमी बाधते आणि उतारावर वेग आवरला जातो. मात्र कंट्रोलरसकट पूर्ण संच घ्यावा लागतो. पाहुण्यांना टेकडीवरून खाली आणणारी गाडी असेल तर आम्ही पैसे जमवून एसीच घ्यावी म्हणू. चढ लहान आणि बजेट कमी असेल तर जास्त टॉर्कच्या वाइंडिंगची (आतल्या तारेच्या वेटोळ्याची) सिरीज मोटर आणि ४०० अँपिअरचा कंट्रोलर पुरतो.

जास्त टॉर्कच्या वाइंडिंगमध्ये वेग घटतो. मोटर २,५०० आरपीएमला थांबत असेल तर वरच्या गाडीचा सर्वोच्च वेग ताशी १७ किलोमीटरच्या जवळ राहील. रिसॉर्टच्या रस्त्याला तो भरपूर आहे. टॉर्क आणि वेग दोन्ही वाढवून देतो म्हणणाऱ्याला विचारा, किती अँपिअरवर?

नेमप्लेटवर सर्वोच्च हॉर्सपॉवर नको, सतत किंवा एका तासाचं रेटिंग पाहा. नाशिकचा एप्रिल-मे चाळिशीला टेकतो, म्हणून इन्सुलेशन एफ (१५५ अंश) किंवा एच (१८० अंश) वर्गाचं घ्या. गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगाच, पण शाफ्टच्या स्प्लाइनचे (टोकावरच्या खाचांचे) दात आणि बोल्टच्या छिद्रांमधलं अंतर स्वतः मोजा. एकाच कंपनीच्या दोन वर्षांच्या गाड्यांतही ते जुळेल याचा नेम नाही.

जुनी मोटर रीवाइंड करून टॉर्क वाढवण्याचा मोह आवरा. आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरता भाग, नीट बॅलन्स झालं नाही तर बेअरिंग जातं. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींकडे फोर्कलिफ्टची कामं करणारा मेकॅनिक मिळाला तर उत्तम. फोर्कलिफ्टमध्ये याच जातीच्या मोटर आणि कंट्रोलर असतात.

पायरी ४: सोबतचे भाग

कंट्रोलर ४०० अँपिअरचा घेतलात तर सोलेनॉइडही (बॅटरीचा करंट जोडणारा-तोडणारा मुख्य स्विच) तेवढाच हवा, नाहीतर त्याचे संपर्क चिकटतात आणि कंट्रोलर बिघडला तर करंट तोडता येत नाही. मूळ २०-२५ चौरस मिलिमीटरच्या केबल काढून ३५ किंवा ५० च्या तांब्याच्या घाला. लग हायड्रॉलिक प्रेसनेच दाबून घ्या. लिथियम बॅटरी असेल तर बीएमएसची, म्हणजे बॅटरीतल्या संरक्षक सर्किटची, मर्यादा पाहा. १०० अँपिअरवर तोडणारा बीएमएस वरच्या उदाहरणातल्या चढावर माणसं बसलेली असताना गाडी बंद पाडेल. आणखी एक धोका उतारावरचा. चार्जिंगची जागा टेकडीच्या माथ्यावर असेल तर उतारावर गाडी धरताना मोटर उलट करंट बॅटरीकडे पाठवते, भरलेली लिथियम बॅटरी तो नाकारते आणि मोटरची पकड अचानक सुटते. अशा ठिकाणी बॅटरी पूर्ण भरू नका आणि यांत्रिक ब्रेक चोख ठेवा.

पायरी ५: बसवणं आणि तपासणी

गाडीला टो स्विच (गाडी ओढून नेताना कंट्रोलर बंद ठेवणारा) असेल तर तो टोवर, मुख्य निगेटिव्ह केबल मोकळी, पुढच्या चाकांना ठोकळे, मागचा भाग जॅकवर नव्हे तर स्टँडवर. केबल सोडण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येकीला चिठ्ठी बांधा. मोटरचे बोल्ट सुटताना खालून आधार द्या. ती शाफ्टवर लोंबली तर डिफरन्शियलचं सील जातं. नव्या मोटरच्या स्प्लाइनला मॉलिब्डेनम ग्रीसचा पातळ हात द्या. खुंटीचे नट दोन पान्यांनी आवळा, आतला एकाने धरून बाहेरचा दुसऱ्याने. एकाच पान्याने आवळलं की खुंटी आत फिरते आणि नवी मोटर पहिल्याच दिवशी उघडावी लागते.

चाकं वर असताना दिशा तपासण्यापुरता अगदी हलका अॅक्सिलरेटर द्या. लोड नसलेली सिरीज मोटर वेग धरत सुटते आणि आर्मेचर फुटू शकतं. ब्रशच्या मोटरला पहिले काही तास सपाटीवर हलक्या भाराने चालवा, ब्रश बसू द्या.

मग भरलेली गाडी त्याच चढावर न्या. बॅटरीच्या केबलवर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावा (साधा एसीचा चालत नाही) आणि लिहून ठेवलेल्या १२० अँपिअरशी ताडून पाहा. एकाच वेगाला करंट खूपच जास्त येत असेल तर ब्रेक किंवा फील्डचं सेटिंग पाहा. लागोपाठ काही फेऱ्यांनंतर मोटरची बॉडी ९० अंशांपुढे जात असेल तर माणसं कमी करा किंवा एका मापाने मोठी मोटर घ्या. सिरीज आणि सेपेक्स मोटरचा कम्युटेटर (ब्रश घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) काही महिन्यांनी उघडून पाहा: एकसारखा चॉकलेटी रंग म्हणजे तब्येत ठीक, मधल्याच काही पट्ट्या काळ्या म्हणजे चढावर मोटर अडून राहिली असताना करंट देत राहिल्याची खूण. चालकाला सांगून ठेवा, चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर धरून उभी करायची नाही, पार्किंग ब्रेक ओढायचा.