हवा गेली तरी लोड जागेवर राहावा म्हणून पायलट चेक व्हॉल्व कसा लावायचा

हवेच्या दाबावर चालणारा उभा सिलेंडर आहे, रॉडवर वजन आहे आणि मधेच कुणी इमर्जन्सी (मशीन ताबडतोब थांबवायचं बटण) दाबली किंवा होज फुटला. सिलेंडरमधली हवा निघून जाते आणि लोड खाली यायला लागतो. हे थांबवायला पायलट ऑपरेटेड चेक व्हॉल्व लावतात, बोलताना पायलट चेक किंवा पायलटवाला एनआरव्ही (नॉन रिटर्न व्हॉल्व). दिसायला छोटी वस्तू, पण मागचा सोलेनॉइड (सिलेंडरच्या कुठल्या बाजूला हवा द्यायची ते ठरवणारा विजेवरचा व्हॉल्व) चुकीचा निवडला किंवा पायलटची नळी चुकीच्या जागेवरून घेतली तर ती लावूनही काही फायदा होत नाही. म्हणून कनेक्शनच्या आधी काय काय बघायचं ते सगळं सांगतो.

आधी काम कसं करतो ते बघू. साध्या एनआरव्हीतून हवा एकाच दिशेने जाते. पायलट चेकला एक जादा पोर्ट (हवेचं तोंड) असतं, तिथे पायलटचं म्हणजे इशाऱ्याच्या हवेचं प्रेशर आलं की आतला छोटा पिस्टन पॉपेटला (वाट बंद करणाऱ्या झाकणाला) सीटवरून उचलतो आणि मग हवा उलटी पण जाऊ शकते. पायलटचं प्रेशर गेलं की स्प्रिंग आणि आत अडकलेली हवा मिळून पॉपेट परत सीटवर बसवतात. हा पायलट बहुतेक वेळा समोरच्या लाइनमधून टी मारून (फाटा काढून) घेतात, म्हणजे खालच्या पोर्टवर चेक असेल तर पायलट वरच्या पोर्टच्या लाइनमधून. वर न्यायचं असेल तर हवा चेक उघडून सरळ आत जाते, खाली आणायचं असेल तर वरच्या लाइनला प्रेशर येतं, तेच प्रेशर चेक उघडतं आणि खालची हवा बाहेर पडते, आणि दोन्ही लाइनी रिकाम्या असतील तर चेक बंद आणि लोड जिथे आहे तिथे.

आता बरेच जण विचारतात की सेंटर बंद असलेला ५/३ व्हॉल्व (पाच पोर्ट आणि तीन पोझिशनचा सोलेनॉइड, मधल्या पोझिशनला सगळे पोर्ट बंद) लावला तर हेच काम होत नाही का. थोडा वेळ होतं, पण अशा स्पूल व्हॉल्वमध्ये (आत सरकणाऱ्या दांड्याने वाटा बदलणाऱ्या) थोडी गळती असतेच, मेटल सीलवाल्यात तर जास्तच, त्यामुळे लोड हळूहळू सरकत राहतो. आणि खरी अडचण ही की सोलेनॉइड आणि सिलेंडरच्या मधला होज फुटला तर तो व्हॉल्व काहीच करू शकत नाही, हवा त्याच्या पुढेच निघून गेलेली असते. म्हणून पायलट चेक सिलेंडरच्या पोर्टमध्येच थेट थ्रेडने बसवायचा. मधे होज नको, पुश फिटिंग नको. चेक आणि सिलेंडरच्या मधे जे काही येईल ते सगळं गळू शकतं, आणि तिथे गळलं तर चेक असून उपयोग नाही.

कुठल्या पोर्टला लावायचा हे वजन कुठल्या बाजूच्या हवेवर उभं आहे त्यावरून ठरवा. रॉड वर आणि त्यावर लोड असेल तर मागच्या, म्हणजे पूर्ण बोअरच्या बाजूला. सिलेंडर उलटा टांगून रॉडला खाली वजन लटकवलं असेल तर रॉडच्या बाजूला. आडवा सिलेंडर दोन्हीकडे सरकता कामा नये असं असेल तर दोन्ही पोर्टला एकेक, एकमेकांच्या लाइनमधून पायलट देऊन.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पायलट चेक बंद व्हायला पायलटची लाइन खरोखर रिकामी व्हायला लागते. ५/३ वापरत असाल तर सेंटरला दोन्ही पोर्ट एक्झॉस्टला उघडणारा घ्या. बंद सेंटरवाला घेतलात तर पायलटच्या लाइनमधली हवा पण तिथेच अडकते, चेक उघडाच राहतो, आणि तुम्हाला वाटतं चेक खराब निघाला. चेक बदलतात, परत तेच होतं, आणि दोष मात्र सोलेनॉइडच्या सेंटरमध्ये असतो. प्रेशर सेंटरवाला तर इथे अजिबात नको, त्यात दोन्ही लाइनींना कायम प्रेशर असतं.

५/२ व्हॉल्व, म्हणजे मधली पोझिशन नसलेला, असेल तर अजून एक विचार करावा लागतो. सिंगल सोलेनॉइडची लाइट गेली की स्प्रिंग त्याला एका बाजूला नेऊन टाकते, आणि हवा चालू असेल तर सिलेंडर त्या बाजूला जाणारच. ती बाजू खाली यायची असेल तर पायलटला प्रेशर मिळणार, चेक आज्ञाधारकपणे उघडणार आणि लोड खाली. म्हणजे ५/२ बरोबर पायलट चेक फक्त हवा गेल्यावरच धरतो, लाइट गेल्यावर नाही. दोन्ही वेळेला धरायला हवा असेल तर एक्झॉस्ट सेंटरचा ५/३ घ्या.

पायलटची टी कुठे मारायची हे पण बघा. समोरच्या पोर्टवर मीटर आउट फ्लो कंट्रोल (सिलेंडरमधून बाहेर जाणारी हवा अडवून वेग कमी करणारा) असतो. पायलट सोलेनॉइड आणि फ्लो कंट्रोलच्या मधून घ्या, फ्लो कंट्रोल आणि सिलेंडरच्या मधून नको. तिथून घेतला तर सिलेंडरची ती बाजू फ्लो कंट्रोलमधून हळूहळू रिकामी होते आणि तोपर्यंत पायलटला प्रेशर राहतं, लोड तेवढ्या वेळात बराच खाली आलेला असतो. पायलटची नळी जमेल तेवढी आखूड ठेवा आणि सोलेनॉइडच्या एक्झॉस्टचे सायलेन्सर अधूनमधून साफ करा, चोंदलेल्या सायलेन्सरमुळे पण पायलट उशिरा रिकामा होतो.

आता थोडा हिशोब, कारण चेक बंद होत नाही तशीच चेक उघडतच नाही ही तक्रारही येते. बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ६३ मिमी, रॉड २० मिमी, सप्लाय ६ बार, वरच्या रॉडवर १०० किलो धरू, घर्षण सोडून देऊ. पिस्टनचं क्षेत्रफळ ३११७ चौरस मिमी, वजन ९८१ न्यूटन, म्हणजे लोड धरायला खाली साधारण ३.१५ बार लागतात. आता खाली आणायला वरच्या बाजूला ६ बार सोडले. तिथलं क्षेत्रफळ रॉड वजा करून २८०३ चौरस मिमी, म्हणजे १६८२ न्यूटनचा जादा जोर, तो वजनात मिळवला की २६६३ न्यूटन. चेक अजून उघडलेला नसेल तर हे सगळं खालच्या अडकलेल्या हवेवर येतं आणि तिचं प्रेशर ८.५ बारपर्यंत चढू शकतं. सप्लायपेक्षा जास्त! आता पायलटकडे ६ बार, समोर ८.५ बार, आणि व्हॉल्वचा पायलट रेशो (पायलटच्या पिस्टनचं आणि सीटचं क्षेत्रफळ यांचं प्रमाण) कमी असेल तर चेक उघडतच नाही, लोड वरच अडकतो. म्हणून डेटाशीटमध्ये अडकलेलं प्रेशर आणि त्याला लागणारं पायलट प्रेशर यांचा ग्राफ बघा आणि आपला सगळ्यात वाईट आकडा त्यात बसतो का ते तपासा. बसत नसेल तर खाली येतानाचं प्रेशर कमी करा. वरच्या बाजूला रेग्युलेटर लावून २ बार केले तर खाली अडकलेलं प्रेशर ५ बारच्या आतच राहतं. फक्त पायलट मग सोलेनॉइड आणि रेग्युलेटरच्या मधल्या पूर्ण प्रेशरमधून घ्या.

चेकच्या बाजूला फ्लो कंट्रोल नसेल तर चेक उघडताच हवा धाडकन निघते, लोड हवेपेक्षा जोरात पळतो, वरच्या बाजूचं प्रेशर पडतं, पायलट पडतो, चेक बंद, परत प्रेशर, परत उघडा. सिलेंडर खडखड करत धक्के देत खाली येतो. त्या बाजूला मीटर आउट फ्लो कंट्रोल लावा. क्रम असा ठेवा की सिलेंडरला लागून चेक आणि त्याच्या पुढे फ्लो कंट्रोल. दोन्ही एकत्र असलेले पण मिळतात, जागा कमी असेल तर ते बरे.

हवा परत चालू करताना सावध राहा. इमर्जन्सीनंतर चेकच्या बाजूला हवा आहे आणि समोरची बाजू पूर्ण रिकामी. अशा वेळी वर जायची कमांड दिली तर मीटर आउटला अडवायला समोर हवाच नसते आणि सिलेंडर झेप घेतो. सप्लायवर सॉफ्ट स्टार्ट व्हॉल्व (हवा हळूहळू भरणारा) लावा, आणि रीसेटनंतरची पहिली हालचाल सुरक्षित असेल तर खाली येण्याची ठेवा, म्हणजे आधी समोरची बाजू भरते.

आता मेंटेनन्सवाल्यांसाठी, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतोय. पायलट चेक लोड धरतो तो हवा कोंडून. एफआरएलचा (सप्लायवरच्या फिल्टर, रेग्युलेटर, लुब्रिकेटरचा) गेज शून्य दाखवतो, लॉकआउटचं (सप्लाय कुणी चालू करू नये म्हणूनचं) कुलूप लागलेलं असतं, आणि तरीही सिलेंडरमध्ये पूर्ण प्रेशर असू शकतं. कुणी फिटिंग सैल केलं तर हवा सुटते आणि लोड पडतो. म्हणून चेक आणि सिलेंडरच्या मधल्या हवेला हाताने सोडायचा रस्ता ठेवाच. मॅन्युअल रिलीजवाला चेक घ्या, सिलेंडरला लागून प्रेशर दाखवणारा इंडिकेटर बसवा आणि मशीनवर मोठ्या अक्षरात लिहा की हवा बंद केल्यावरही इथे प्रेशर आहे. क्रम कायम हाच: आधी लोडला खालून टेकू किंवा सेफ्टी पिन, मग सप्लाय बंद, मग अडकलेली हवा सोडा, मग पाना. आयएसओ ४४१४ हे न्यूमॅटिक्सच्या सुरक्षेचं स्टँडर्ड आहे, डिझाइन करणाऱ्याने ते वाचलेलं असावं.

आणि ही हवा आहे, तेल नाही. धरलेल्या अवस्थेत वजन बदललं तर रॉड हलतोच. वरच्याच उदाहरणात पिस्टनखाली २०० मिमी हवा असताना १०० किलोतले ५० किलो उचलून घेतले, तर ती हवा फुगून ३२० मिमीच्या आसपास जायला बघते. कुणी वाकून पार्ट काढत असेल तर हा धक्का त्याच्या तोंडाशी येतो. शिवाय पिस्टनचं सील गळकं असेल तर हवा आतल्या आत रिकाम्या बाजूला जाते आणि चेक बिचारा शाबूत असूनही लोड उतरतो. म्हणून माणूस लोडखाली हात घालणार असेल, किंवा रात्रभर धरून ठेवायचं असेल, तर नुसत्या पायलट चेकवर भिस्त ठेवू नका, स्प्रिंगने पकडणारा आणि हवेने सुटणारा रॉड लॉक लावा किंवा मेकॅनिकल पिन. सेफ्टी फंक्शन म्हणून मोजायचं असेल तर रिस्क असेसमेंट करून आयएसओ १३८४९-१ (मशीनच्या कंट्रोलमधल्या सुरक्षेचं स्टँडर्ड) प्रमाणे हिशोब करावा लागतो.

बसवताना टेफ्लॉन टेप पहिला आटा सोडून गुंडाळा. टेपचा एक तुकडा सीटवर अडकला की चेक गळणारच, आणि नवीन मशीनवरच्या तक्रारी शोधत गेलं तर बरेचदा हा तुकडाच सापडतो. लाइन जोडायच्या आधी होज हवेने फुंकून घ्या.

तपासणी अशी करा. लोडखाली ठोकळा ठेवा, थोडी फट सोडून. लोड मधे थांबवा, रॉडवर मार्करने खूण करा, सप्लाय डम्प करा (बंद करून लाइनमधली हवा सोडून द्या), आणि घड्याळ लावून किती मिमी सरकतो ते मोजा. पहिल्यांदा लावल्यावरचा आकडा लिहून ठेवा, तोच पुढे तुलनेला. मग इमर्जन्सी खाली येताना मधेच दाबून बघा, कारण पायलट उशिरा रिकामा होतोय का ते तिथेच कळतं, उभ्या लोडवर नाही. सरकत असेल तर चेक आणि पोर्टच्या थ्रेडवर साबणाचं पाणी लावा. तिथे बुडबुडे नसतील तर सोलेनॉइडच्या दोन्ही एक्झॉस्टला हात लावून बघा: चेकच्या बाजूने हवा येत असेल तर चेक गळतोय किंवा पायलट सुटत नाहीये, समोरच्या बाजूने येत असेल तर सिलेंडरचं सील गेलंय.