हुतात्म्याच्या नावाने बहिष्कार पुकारण्यापूर्वी

डिसेंबरात गोवा मुक्तिदिनाच्या आठवडाभर आधी, १२ तारखेला, बाबू गेनूंचा स्मृतिदिन येतो. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी भागात परदेशी कापडाचा ट्रक अडवताना हा तरुण गिरणी कामगार त्याखाली चिरडला गेला. त्या दिवसाचे निमित्त साधून एखाद्या मालावर बहिष्काराचे आवाहन करू इच्छिणाऱ्या मंडळांनी पुढील क्रमाने विचार करावा.

विक्रेत्याने किंवा उत्पादकाने नेमके काय केले म्हणजे आपण तो माल पुन्हा घेऊ, हे प्रथम एका वाक्यात लिहून काढावे. ते लिहिता येत नसेल तर आवाहन पुढे ढकलावे. त्यानंतर सभासदांच्या घरी तो माल खरोखर येतो का, हे विचारावे. बाबू गेनूंनी स्वतःचा देह पुढे केला होता, आणि जी वस्तू आपण कधी वापरलीच नाही तिच्या त्यागासाठी त्यांचे नाव घेणे मला तरी अशोभनीय वाटते.

सर्वांत जास्त वेळ नुकसान कोणाचे होणार, या प्रश्नाला द्यावा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणाऱ्या विक्रेत्याने मालाचे पैसे बहुधा आधीच चुकते केलेले असतात, त्यामुळे अचानक पुकारलेल्या बहिष्काराचा फटका कंपनीऐवजी त्यालाच बसतो. म्हणून त्याला आधी भेटावे, शिल्लक माल खपेपर्यंतची मुदत ठरवावी आणि त्याऐवजी काय ठेवता येईल तेही सुचवावे. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी इंग्लंडच्या लँकेशायरमधील डार्वेनला गेले आणि कापडाची मागणी घटल्याने अडचणीत आलेल्या गिरणी कामगारांना प्रत्यक्ष भेटले. आपल्याला तर फक्त बाजारापर्यंत जायचे आहे. पर्यायी मालातून कोणाचा फायदा होतो, हेही पाहावे. परदेशी कापड नाकारताना गांधीजींचा आग्रह देशी गिरणीच्या कापडापेक्षा खादीचा होता.

शेजाऱ्याच्या पिशवीत डोकावू नये. विनंती करावी, कारण सांगावे आणि नकार मिळाल्यास नमस्कार करून निघावे. दुकानदाराची जात किंवा धर्म पाहून त्याच्याकडे जाणे टाळणे हा सामाजिक बहिष्कार होय. महाराष्ट्राने त्याविरुद्ध २०१६ मध्ये कायदा केला. गोव्यातील मंडळांनी तो आपल्यालाही लागू आहे असे समजूनच वागावे. १९५५ मध्ये भारत सरकारने पोर्तुगीज सत्तेखालील गोव्याची जी आर्थिक नाकेबंदी केली, तिचा दाखला येथे देऊ नये. भारतातून येणारा माल थांबल्याने बटाटा हॉलंडहून येऊ लागला, पण काय घ्यावे आणि काय सोडावे हे ठरवण्याची मोकळीक गोव्याच्या गिऱ्हाइकाला नव्हती.

शेवटी, फेरविचाराची तारीख पत्रकावरच छापावी. मागणी मान्य झाली तर ज्या फलकावर आवाहन लावले होते त्याच फलकावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, बहिष्कार मागे घेतल्याचे लिहावे आणि त्या विक्रेत्याकडून पहिली खरेदी मंडळाच्या अध्यक्षांनी करावी.