आयव्हीएफनंतरच्या शेवटच्या तिमाहीत घ्यायची काळजी
आयव्हीएफ म्हणजे शरीराबाहेर तयार केलेले भ्रूण गर्भाशयात सोडून गर्भधारणा घडवण्याचा उपचार. त्यातील भ्रूणरोपणाची तारीख आणि भ्रूण किती दिवसांचे होते, हे प्रसूतितज्ज्ञांच्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर नोंदवून घ्यावे. पाच दिवसांच्या भ्रूणाचे रोपण झाले असेल, तर त्यानंतर २६१ दिवसांनी प्रसूतीची अपेक्षित तारीख येते.

अशा गरोदरपणात, विशेषतः गोठवलेले भ्रूण वापरले असल्यास, रक्तदाब वाढण्याचा धोका काहीसा अधिक असतो. म्हणून घरी यंत्र ठेवावे आणि पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून रक्तदाब मोजून वहीत लिहावा. आकडा १४०/९० किंवा त्याहून अधिक आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. १६०/११० झाल्यास, किंवा तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी अथवा बरगड्यांखाली दुखणे सुरू झाल्यास थेट रुग्णालय गाठावे. बाळाची हालचाल मंदावली, रक्तस्राव झाला किंवा पाणी गेले, तर सकाळची वाट पाहू नये. ॲस्पिरिन वा रक्त पातळ करणारी इंजेक्शने डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत.

ठाण्यातील घोडबंदर रस्त्यालगत राहणाऱ्यांनी नवजात अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय आधीच ठरवावे आणि संध्याकाळच्या कोंडीत तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरातल्या सर्वांना ठाऊक असावा.

‘प्रेशियस बेबी आहे, सिझेरियनच करू’ असे नातेवाईक सहज म्हणतात. परंतु केवळ आयव्हीएफ हे सिझेरियनचे कारण ठरत नाही. वार (प्लासेंटा) गर्भाशयात खाली असणे, जुळी बाळे किंवा बाळाची वाढ खुंटणे अशी कारणे असल्यास निर्णय बदलू शकतो, म्हणून ३६व्या आठवड्यापूर्वीच डॉक्टरांशी याविषयी सविस्तर बोलून घ्यावे.