आगोट भरताना औषधांचा डबाही बघा

मे अर्धा सरला की आमच्या दापोलीत माझी आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, सुरू होते. 1 जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे सुकट, सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी), बोंबील आत्ताच घ्या. घेताना सोडा बोटांत मोडून बघा. कट्‌कन तुटला तर घ्या. वाकला तर आत ओल आहे, श्रावणाआधीच वास मारेल. घरी आणून दोन कडक उन्हं द्या आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गेल्या वर्षी मी गरम-गरमच भरले, डब्याला आतून घाम सुटला नि अर्धा किलो सोडे उकिरड्यावर गेले. आमसुलं घरचीच करा, रातांबे (कोकमाची फळं) दारात पडून कुजतात.

पण खरा पैसा वाचतो तो औषधांत. ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळीच्या पट्टीवर ब्रँडखाली बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव ‘अम्लोडिपिन 5 मिग्रॅ’ लिहिलेलं आहे. (चष्मा लावा, मलाही लागतो.) तुमच्या पट्टीवरचं तसं नाव उतरवून डॉक्टरांना दाखवा, ‘हेच लिहून द्या’ म्हणा आणि जनऔषधी केंद्रात, म्हणजे मूळ नावाची औषधं स्वस्तात देणाऱ्या सरकारी योजनेतल्या दुकानात जा. मिलिग्रॅम तंतोतंत जुळायला हवेत. थायरॉईडची किंवा फिटची गोळी मात्र आपल्या मनाने बदलू नका. पावसात एस.टी.चा भरवसा नाही. महिन्याची औषधं आधीच आणा, पण एक्सपायरी बघून.

ऑपरेशन निघालंच, तर पैशांची जुळवाजुळव करण्याआधी रेशनकार्ड नि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) गाठा आणि सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे विचारा. भरती होण्याआधी विचारा, बिल हातात पडल्यावर नव्हे.