जुना मॅसी ३५ गळतोय? आधी तेल ओळखा, मग सील मागवा

चिखलणी करून आलेला जुना मॅसी फर्ग्युसन ३५ किंवा त्याच घडणीचा टॅफेचा १०३५ रब्बीच्या नांगरटीला काढण्याआधी एक दिवस त्याच्या पोटाखाली बघण्यात घालवा. या ट्रॅक्टरात गिअरबॉक्स, लिफ्टचा हायड्रोलिक पंप आणि मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) एकाच तेलावर चालतात. गळती कुठूनही असो, तेल तिघांचेही कमी होते. लिफ्ट थरथरत असेल, तर पंप उघडण्याआधी डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) बघा.

थेंब पडतो तिथेच गळती असते असे नाही. तेल कडेकडेने वाहत सर्वांत खालच्या बोल्टवर जमते. म्हणून डिझेल आणि ब्रशने खालचा भाग, दोन्ही एक्सल आणि पीटीओभोवतीची (मागे जोडलेली अवजारे फिरवणाऱ्या दांड्याभोवतीची) जागा धुऊन कोरडी करा. त्यावर खडूची पूड भुरभुरा, खाली पुठ्ठा अंथरा. सपाट जागी इंजिन १५-२० मिनिटे चालवा, लिफ्ट आठ-दहा वेळा वरखाली करा, इंजिन बंद करून मगच खाली वाका. पूड सर्वांत वर जिथे भिजली, तिथून तेल येते. पुठ्ठा रात्रभर राहू द्या.

खरी फसगत होते ती क्लच हाउसिंगच्या तळाच्या भोकाशी. त्यात एक स्प्लिट पिन सैल लोंबत असते. तिच्या हलण्याने भोक मोकळे राहते. इथून ठिबकणारे तेल इंजिनचेही असू शकते, गिअरबॉक्सचेही. काळे, पातळ, डिझेलचा वास असलेले तेल म्हणजे क्रँकचे (इंजिनच्या मुख्य दांड्याचे) मागचे सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, गेले. पिवळसर आणि उग्र वासाचे असेल, तर इनपुट शाफ्टचे (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचे) सील गेले. रंगावरून उमगत नसेल, तर इंजिन आणि गिअरबॉक्स अशा दोन्ही डिपस्टिकवरची पातळी लिहून ठेवा आणि दहा तास कामानंतर कुठली उतरली ते बघा. दोन्ही सीलांसाठी ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत वेगळा करावाच लागतो. तेव्हा दोन्ही सील एकदमच बदला, क्लच प्लेटही तपासा. भोक चिखलाने बुजले असेल, तर तेल आत साचून प्लेट भिजते आणि क्लच घसरतो. गळती थांबवायला हे भोक कधीही बुजवू नका.

मागच्या टायरची आतली बाजू तेलकट आणि त्याच बाजूचा ब्रेक कमी लागत असेल, तर एक्सलचे सील गेले आहे. आधी तेल खुणेच्या वर तर भरलेले नाही ना, हे पाहा. तेलात भिजलेले ब्रेक लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू नका, नवेच घाला. असा ट्रॅक्टर ट्रॉली जोडून रस्त्यावर काढणे जिवावर बेतू शकते.

डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसले, किंवा न भरताच पातळी वाढली, तर आत पाणी शिरले आहे. बहुतेकदा ते गिअर लिव्हरच्या फाटलेल्या रबरातून जाते. रबर आधी बदला, मग सगळे ड्रेन प्लग (ते एकाहून जास्त असतात) उघडून तेल काढा. नवे तेल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच भरा. दाट तेलाने गळती थोडी मंदावते, पण थंडीत लिफ्ट जड चालते.

नवे सील बसवताना शाफ्टवरून नख फिरवा. जुन्या सीलने खाच पाडली असेल, तर नवेही गळणार. तिथे स्लीव्ह (खाच झाकणारी पातळ धातूची नळी) चढवा. सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे ठेवा, सीलच्या ओठाला (शाफ्टला टेकणाऱ्या आतल्या कडेला) तेल लावा, आणि पीटीओच्या दात्यांवर टेप गुंडाळूनच सील सरकवा. नाहीतर ओठ तिथेच कापला जातो.