तैलरंगात दिवस कसा आखावा: नव्यानं उतरणाऱ्यांसाठी

तैलरंगात नव्यानं उतरलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, ब्रश कुठला घेऊ? दुसरा जरा बिचकत येतो: "मूड नसला तर तुम्ही काय करता?" पहिल्याचं उत्तर दुकानदारही देईल. दुसऱ्याचं असं आहे की माझा दिवस मूड ठरवत नाही आणि मीही फारसा ठरवत नाही. काल लावलेला थर किती वाळलाय त्यावर आजचं काम ठरतं. जलरंग किंवा अॅक्रिलिकमधून आलेल्यांना ही ताबेदारी जड जाते, आणि माझ्या पाहण्यातले बरेचजण तैलरंग सोडतात ते याच कारणानं. हात कच्चा म्हणून नाही.

जलरंगातलं पाणी उडून जातं आणि रंग वाळतो. तैलरंगात तसं होत नाही. रंग पातळ करायला घातलेलं टर्पेंटाइन उडतं, पण रंगातलं जवसाचं तेल जागेवरच राहतं, हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. त्यातही प्रत्येक रंगाची चाल वेगळी. बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगात मँगनीज असतं, त्यानं वाळण्याला वेग येतो. पातळ लावला तर दुसऱ्या दिवशी त्यावर काम करता येतं. आयव्हरी ब्लॅक, अॅलिझरीन क्रिमसन आणि बरेचसे कॅडमियमचे रंग आठवडा उलटला तरी बोटाला लागतात. म्हणून खालचे थर टर्पेंटाइननं पातळ केलेले, कमी तेलाचे ठेवायचे आणि वर जाताना तेल वाढवायचं. उलटं केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा अजून हलत असतो आणि काही वर्षांत चित्राला तडे जातात. सावल्यांच्या तळाशी शुद्ध काळा जाड थापू नका, हे आमच्या वेळी वर्गात ओरडून सांगायचे. त्यामागचं कारण मात्र आम्हाला आमचंच शोधावं लागलं.

याचा अर्थ इझलवर एकच कॅनव्हास ठेवून भागत नाही. माझ्याकडे एका वेळी तीन-चार चित्रं चालू असतात. एक नुसतं रेखाटनाच्या टप्प्यावर, एक अंडरपेंटिंग, म्हणजे रंगाखालचा पातळ पहिला थर, होऊन वाळत पडलेलं, एक रंगाच्या मधल्या गुंत्यात, एक जवळजवळ संपलेलं. सकाळी सगळ्यांवरून करंगळी फिरवायची, कोपऱ्यात, जिथे दिसणार नाही तिथे. जे वाळलंय ते इझलवर चढतं. मूडचा प्रश्न इथेच निम्मा सुटतो, कारण हाताशी कायम काहीतरी असतं. डोकं चालत नसेल त्या दिवशी कॅनव्हास ताणायचा, त्याला गेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, हात द्यायचे, घासायचा. तेही स्टुडिओचंच काम आहे आणि ते कमी लेखणाऱ्यांचे कॅनव्हास पुढे सैल पडतात.

काम मी सकाळी लवकर सुरू करते, उजेडासाठी. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण ती पुस्तकं युरोपातली. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारीसुद्धा किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतूनही आत घुसतं. पांढऱ्या मलमलीचा पडदा लावला की काम होतं. संध्याकाळी काम करावंच लागत असेल तर ५,००० केल्व्हिनच्या आसपासचा, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाचा, रंग नीट दाखवणारा एलईडी घ्या. पिवळ्या बल्बखाली मिसळलेला निळा सकाळी वेगळाच निघतो.

पहिला अर्धा-पाऊण तास ब्रश हातात घ्यायचा नाही. बसायचं, बघायचं, आज नेमकं काय करायचं ते एका ओळीत वहीत लिहायचं. "डावीकडच्या सावल्या थंड करणे" इतपत नेमकं. "चित्र पुढे नेणे" असं लिहिलंत तर संध्याकाळी तुम्ही सगळीकडे थोडं थोडं खरवडलेलं असेल. मग पॅलेटवर रंग मिसळायचे, आणि मुख्य चार-पाच छटा आधी तयार झाल्याशिवाय कॅनव्हासला हात लावायचा नाही. उभं राहून काम करायचं, दर थोड्या वेळानं मागे जायचं. छोट्या खोलीत मागे जायला जागा नसते; भिंतीवर आरसा लावा आणि चित्र त्यात उलटं बघा. ज्या चुका डोळ्यांना सरावाच्या झाल्यात त्या तिथे लगेच दिसतात. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून टोन, म्हणजे गडद-फिकेपणा, तपासण्यातही काही कमीपणा नाही.

आता एक चित्र घडत कसं जातं ते सांगते, कारण नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच असतो. चित्र आधी डोक्यात पूर्ण असतं आणि मग ते उतरवायचं, असं त्यांना वाटतं.

पुण्याच्या महात्मा फुले मंडईतलं एक चित्र मी गेल्या वर्षी केलं. १८८६ सालची दगडी इमारत, उंच छत, आणि खाली लिंबं-मिरच्या-कोथिंबिरीचे ढीग. तिथे बसून कोळशानं भराभर टिपणं केली, शेजारी रंगांची नावं लिहिली. फोटोही काढले, पण फोटोत मंडईतल्या सावल्या नुसत्या काळ्या येतात. प्रत्यक्षात त्या हिरवट-तपकिरी असतात आणि खालच्या भाजीचा रंग त्यांत चढलेला असतो. हे टिपण नसतं तर चित्र पहिल्याच दिवशी मेलं असतं.

३० बाय ४० इंचाचा कॅनव्हास. आधी सबंध कॅनव्हासवर पातळ बर्न्ट सिएनाचा हात, कारण पांढऱ्या पृष्ठभागावर कुठलाही टोन गडदच वाटतो. त्यावर अंबरनं रेखाटन आणि सावल्यांचे मोठे तुकडे. तपशील काहीच नाही. या टप्प्यावर मधोमध लिंबंवाली बाई, तिच्यासमोर पाठमोरी हिरव्या साडीतली गिऱ्हाईक, मागे दोन खांब. ते भिंतीला लावलं आणि दुसऱ्या चित्राकडे वळले.

रंग भरायला लागल्यावर लिंबांनी सगळं चित्र आपल्याकडे ओढलं. एवढा पिवळा शेजारच्या कुणालाच बोलू देत नव्हता. पिवळा मारायचा सरळ उपाय म्हणजे त्यात जांभळट राखाडी मिसळणं, पण मग लिंबं शिळी दिसतात. त्याऐवजी आजूबाजूचं सगळं एक पायरी खाली उतरवलं आणि लिंबांचा फक्त एक ढीग प्रकाशात ठेवला. बाकीचे सावलीत सरकवले. असं केल्यावर गिऱ्हाईक बाई निरर्थक झाली. तिच्याकडे नजर जायची आणि अडकायची. पॅलेट नाइफनं तिला खरवडलं, चिंधीनं पुसलं. तिच्या जागी खांबाची सावली आली. पण कॅनव्हासच्या विणीत हिरव्या साडीचा जो अंश उरला होता, तो त्या सावलीतून अजून डोकावत होता आणि मंडईतल्या त्या हिरवट अंधाराला नेमका तोच हवा होता. तो मी ठरवून आणू शकले नसते.

त्यानंतर तीन आठवडे चित्र तोंड भिंतीकडे करून ठेवलं. ही युक्ती काही माझी नाही. सोळाव्या शतकात व्हेनिसमध्ये चित्रकार तिशियन आपली चित्रं अशीच महिनोन् महिने भिंतीकडे फिरवून ठेवायचा आणि मग जणू वैऱ्याची पारख करावी तशी ती तपासायचा, असं त्याच्या हाताखाली असलेल्या पाल्मा धाकट्यानं सांगून ठेवलंय. परत बघितलं तेव्हा काही भाग मॅट, मेल्यासारखे दिसत होते. घाबरू नका, खालच्या थरानं तेल शोषून घेतलं की असं होतं. वाळलेल्या भागावर अगदी थोडं तेल चोळायचं आणि जास्तीचं पुसून टाकायचं की रंग परत उघडतो. शेवटी सावल्यांवर अल्ट्रामरीनची पातळ, तेलकट ग्लेझ, म्हणजे खालचं दिसू देणारा पारदर्शक थर, आणि सगळ्यात शेवटी प्रकाशातल्या लिंबांवर जाड, पेस्टसारखे फटकारे. सगळं मिळून दोन महिन्यांहून जास्त काळ गेला. त्यात प्रत्यक्ष ब्रश चालला ते तास थोडे.

खरवडायची भीती लवकर घालवा. लंडनचा चित्रकार फ्रँक ऑअरबाख दशकानुदशकं एकाच स्टुडिओत काम करायचा, आणि दिवसभराचं काम खरवडून टाकून दुसऱ्या दिवशी नव्यानं सुरुवात करणं ही त्याची रीतच होती. आपल्याकडे अमूर्त चित्रं करणाऱ्या वासुदेव गायतोंड्यांचं उदाहरण वेगळ्या टोकाचं. ते वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत; रोलर आणि पॅलेट नाइफनं थर चढवत, उतरवत. रोज कॅनव्हास रंगवलाच पाहिजे असं कुणी सांगायला लागलं की मला ते आठवतात. रोज स्टुडिओत जाणं वेगळं आणि रोज चित्र पुढे ढकलणं वेगळं.

सुरुवातीच्या सामानावर फार पैसे घालवू नका. पण पांढरा चांगला घ्या, कारण सगळ्यात जास्त तोच संपतो. टायटॅनियम व्हाइट पुरेसा आहे. नुसता झिंक व्हाइट वाळल्यावर ठिसूळ होतो. त्याबरोबर यलो ऑकर, एक लाल, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर. पहिलं वर्ष एवढ्यावर निघतं, आणि रंग मिसळायला शिकता ते वेगळंच. ब्रश धुवायला आपल्याकडे सर्रास रॉकेल वापरतात, मीही वापरलंय. आधी चिंधीनं रंग पुसून मग रॉकेल, शेवटी कपड्याच्या साबणाची वडी तळहातावर घासून. शेवटची पायरी टाळलीत तर हॉग हेअरचा ब्रश महिन्यात खराटा होतो.

चिंध्यांबद्दल मात्र चेष्टा नको. जवसाच्या तेलात भिजलेला बोळा कोपऱ्यात फेकला तर तेल वाळताना जी उष्णता तयार होते ती आतच कोंडते आणि तो आपोआप पेट घेऊ शकतो. जुन्या सुती साड्यांचे तुकडे वापरून झाले की सुटे पसरून वाळवा, किंवा पाणी घातलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. खिडकी उघडी ठेवा. 'ओडरलेस' लिहिलेल्या थिनरचाही वास नसला तरी वाफ असतेच. कॅडमियमचे रंग बोटानं पसरवू नका आणि स्टुडिओत जेवू नका. चहाचा कप आणि टर्पेंटाइनची वाटी एकाच टेबलावर ठेवणाऱ्याला काय होतं ते प्रत्येक चित्रकार तुम्हाला हसत सांगेल.

पावसाळ्याचं वेगळं गणित ठेवावं लागतं. उजेड कमी, हवा दमट, तेच रंग जास्त दिवस चिकट राहतात, सुती कॅनव्हास ढिला पडतो आणि भिंतीला टेकलेल्या चित्राच्या पाठीवर बुरशी धरते. चित्र आणि भिंत यांत बोटभर जागा सोडा. जून ते सप्टेंबर मी मोठे, जाड थराचे कॅनव्हास सुरूच करत नाही. रेखाटनं, छोटे अभ्यास आणि पोर्ट्रेटची कामं तेव्हा.

शिक्षणाचं म्हणाल तर मुंबईचं सर जे. जे. कला महाविद्यालय (१८५७ पासूनची संस्था), कोल्हापूरचं दळवीज, असे पर्याय आहेत. बीएफएला प्रवेश परीक्षा द्यावी लागते. महाविद्यालयाचा खरा फायदा समोर बसणारं मॉडेल आणि शेजारी काम करणारी चाळीस मुलं. दोन्ही नंतर विकत मिळत नाहीत. पैशाचं चित्र इतकं गोंडस नाही. पहिली काही वर्षं माझं भाडं एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शाळकरी चित्रकला परीक्षांच्या क्लासमधून निघालं आणि लोकांच्या आजी-आजोबांच्या पोर्ट्रेटमधून. त्या पोर्ट्रेटनी मला त्वचेचे रंग शिकवले, त्यामुळे असल्या कामाला नाकं मुरडणाऱ्यांचं मी ऐकत नाही. प्रदर्शनासाठी मुंबईच्या जहांगीर कलादालनात जागा हवी असेल तर अर्ज करून काही वर्षं थांबायची तयारी ठेवा. दरम्यान बॉम्बे आर्ट सोसायटीसारख्या जुन्या संस्थांच्या वार्षिक प्रदर्शनांना पाठवत राहा; ती सोसायटी १८८८ची आहे आणि नवख्यांची कामंही तिथे टांगली जातात.

आणि विकलं गेलंच तर गिऱ्हाईकाला चित्र लगेच हवं असतं, तेव्हा हे आधीच सांगून ठेवा: शेवटचं व्हर्निश सहा महिने ते वर्षभर लावायचं नाही. तोवर हवं तर पातळ रीटच व्हर्निश, म्हणजे तात्पुरतं हलकं व्हर्निश. चित्र कागदात गुंडाळून कपाटात ठेवू नका म्हणावं, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. पडलंच तर काही आठवडे चांगल्या उजेडात ठेवल्यावर पिवळेपणा बराचसा उतरतो. मागच्या बाजूला सही, साल, वापरलेलं माध्यम आणि व्हर्निश कधी लावायचं तो महिना पेन्सिलीनं लिहून द्या. फोन त्या महिन्यात तुम्हीच करायचा, ते करत नाहीत.