हृदयासाठी जवसाची चटणी

रक्तवाहिन्यांमध्ये दीर्घकाळ राहणारा दाह (आतली सूज) चरबीचे थर वाढवतो. जवसातलं ओमेगा-3 (एक प्रकारची चांगली चरबी) तो दाह कमी करायला मदत करू शकतं, आणि मराठवाड्यात जवस घरचंच आहे.

पाव किलो जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. करपलं तर कडवट होतं. पूर्ण गार झाल्यावर 8-10 लसूण पाकळ्या, जिरं, तिखट, 1 लहान चमचा मीठ घालून वाटा. गरम वाटलं तर तेल सुटून गोळा होतो. अख्खे दाणे न पचताच बाहेर पडतात, म्हणून वाटणं टाळू नका. आठवड्यापुरतीच करा, लवकर खवट होते.

रोज 1-2 चमचे ज्वारीच्या भाकरीबरोबर, वर थोडं कच्चं करडईचं तेल. दिवसभराचं मीठ 5 ग्रॅमच्या आत हवं. पापड-लोणच्यातच ते हाताबाहेर जातं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.